चटणीचं काम कुठं अडलंय, ते सगळ्यांना दिसलं पाहिजे

(लातूर-नांदेड रस्त्यावरच्या गावांतील उत्पादक गटांच्या एकत्रित बैठकीत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण. ज्या तायांना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



मला विषय दिलाय, "नवीन माल तयार करताना सगळ्यांच्या कामाचा मेळ घालायला मोबाइलवरचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?" चाकूरच्या ताईंनी फोनवर विषय सांगितला तेव्हा मी म्हटलं, अगं, मी दहावी नापास. त्या म्हणाल्या, "तुम्ही एकदा चुकीचं घेतलंय ना, म्हणूनच तुम्हाला बोलावलंय." तर मी जे सांगणार आहे ते चुकून शिकलेलं आहे. तुमचं नुकसान आमच्यापेक्षा कमी व्हावं एवढंच.

आधी एक घोळ दूर करते. लोकोस अ‍ॅप आपल्याला माहीत आहे. त्यात गटाची माहिती, बचत, कर्ज, परतफेड भरतात. ते हिशेबाचं काम आहे, आणि ते करायचंच आहे. मी बोलतेय ते वेगळ्या कामाबद्दल. एखादी नवी चटणी बाजारात आणायची तर जवस कोण आणणार, भाजणार कोण, चव कोण पास करणार, लेबलचा मजकूर कोण तपासणार, पाऊच कधी छापायला टाकायचे, सीलिंगची मशीन कोणाच्या घरी आहे. एक वस्तू, पण त्यात पंधरा-वीस कामं, आणि एक अडलं की मागची सगळी अडतात. मोठ्या कंपन्यांत या कामाच्या मेळासाठी सॉफ्टवेअर वापरतात. एकाचं नाव जिरा आहे. मला आधी वाटलं मसाल्याचं असेल. तसलं काही नाही, सॉफ्टवेअर बनवणारे लोक आपल्या कामाची यादी ठेवायला ते वापरतात.

आता आमचं काय झालं ते ऐका.

आम्ही इकडच्या तीन गटांच्या आणि लोह्याकडच्या दोन गटांच्या मिळून चौदा बायका. कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी आधीपासून करत होतो. प्रदर्शनासाठी जवसाची चटणी शंभर ग्रॅमच्या छापील पाऊचमध्ये आणायची ठरली. सगळा निरोपानिरोपीचा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. आमच्यात एक अक्का आहेत, साठीच्या पुढच्या. भाजण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. जवस कढईत तडतडायला लागलं की कधी उतरवायचं हे त्यांना आवाजावरून कळतं. लिहिता येत नाही, सहीपुरतं येतं.

अक्कांनी दोन घाणे करून बघितले. लसूण घातलेली चटणी काही दिवसांनी ओलसर होऊन गोळा धरायला लागली. त्यांनी लसूण काढला, चव भरायला भाजलेले शेंगदाणे घातले. बरणी महिनाभर ठेवून बघितली, छान राहिली. तसं त्यांनी नातवाच्या मोबाइलवरून ग्रुपवर बोलून पाठवलं. रात्री साडेनऊला. त्या दिवशी ग्रुपमधल्या एकीच्या मुलाचा वाढदिवस होता. केक, फुलं, हात जोडलेले, पन्नास-साठ निरोप. अक्कांचा आवाज त्याच्या खाली गेला. कोणी ऐकलाच नाही.

चार दिवसांनी मी लातूरला जाऊन पाऊच छापायला टाकले. मजकूर जुना. घटकांत लसूण आहे, शेंगदाणे नाहीत. एक हजार पाऊच, सहा रुपयाला एक. सहा हजार रुपये.

पाऊच आल्यावर एकीनं वाचलं, "अगं, यात शेंगदाणे कुठायत?" आता आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटेल, त्यात काय, चटणीच तर आहे. पण पाकिटावर जे लिहिलंय तेच आत पाहिजे. शेंगदाण्याची काही माणसांना वावडं असतं, अंगावर पित्त उठतं, श्वास अडकतो. म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमात शेंगदाणा असला तर ते पाकिटावर वेगळं सांगावं लागतं. तो माल विकता येत नव्हता.

त्या संध्याकाळच्या बैठकीत काय झालं असेल? खापर अक्कांवर फुटलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं बदलायला?" हे बोलणाऱ्यांत मी पण होते. अक्का म्हणाल्या, "म्या तर सांगितलं होतं बाई." पुढच्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. नंतर एकीनं ग्रुप वर सरकवत सरकवत तो आवाज शोधून काढला आणि सगळ्यांसमोर लावला. सव्वा मिनिटाचा निरोप. सगळं नीट सांगितलेलं होतं, किती किलोला किती शेंगदाणे ते सुद्धा. मी उठून त्यांच्या घरी गेले. काय बोलले ते इथं सांगत नाही.

यानंतर आम्ही ठरवलं, आता अ‍ॅप घ्यायचं. माझा एक भाचा शिकलेला आहे. त्यानं एक अ‍ॅप टाकून दिलं. दिसायला फार सुंदर. रंगीत पट्ट्या, तारखा, प्रत्येकीचं नाव. पहिले आठ दिवस हौसेनं बघितलं. मग कळलं की बटणं सगळी इंग्रजीत. चौदाजणींत सहाजणींकडं स्वतःचा स्मार्टफोन. बाकीच्यांचा फोन मुलाकडं नाहीतर मालकाकडं, तो शेतात गेला की फोन शेतात. लोह्याकडच्या एका तांड्यावर रेंज यायला टेकडीवर जावं लागतं. शेवटी तिघीजणीच त्यात लिहायच्या, आणि त्या तिघींना वाटायचं की सगळं काम आपणच करतोय, कारण पडद्यावर त्यांचीच नावं दिसायची. अक्कांच्या नावापुढं महिनाभर काहीच नाही. खरं तर त्या महिन्यात सगळ्यात जास्त उभं राहून काम त्यांनीच केलं होतं.

आणि खातं भाच्याच्या ईमेलवर. त्याला पुण्याला नोकरी लागली, फोन बदलला, पासवर्ड त्यालाही आठवेना. आमच्या कामाची किल्ली पुण्याला. त्याचा दोष नाही, त्यानं फुकट मदत केली होती. किल्ली आपल्या हातात ठेवायची हे आम्हाला सुचलं नाही.

मग आम्ही काय केलं? अहमदपूरला एका प्रशिक्षणात ऐकलं की ही जी पट्ट्यापट्ट्यांची अ‍ॅपं असतात, त्यांचं मूळ कागदाच्या चिठ्ठीत आहे. जपानमध्ये टोयोटा मोटारीच्या कारखान्यात ताइची ओनो नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांची पद्धत लक्षात घेतली. फळीवरचा माल जेवढा उचलला जातो तेवढाच मागून भरतात. ओनोंनी कारखान्यात तसंच केलं. सुटे भाग संपत आले की एक चिठ्ठी मागच्या माणसाकडं जायची, आणि चिठ्ठी आली तरच तो पुढचे बनवायचा. या चिठ्ठीला जपानीत कानबान म्हणतात, म्हणजे पाटी. आज ट्रेलोसारख्या अ‍ॅपात बोटानं जी कार्डं सरकवतात, ती पद्धत याच पाटीवरून आलेली आहे. मी ते ऐकलं आणि मनात म्हटलं, मग कागदच का नको?

घरी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा जुना फ्लेक्स पडला होता. उलटा करून समाजमंदिराच्या भिंतीला लावला. साहेब तेव्हापासून भिंतीकडं तोंड करून आहेत. कोऱ्या बाजूवर चार रकाने पाडले. करायचं, चालू, अडलंय, झालं. लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एकच काम. आणि कोणाचं काम ते नावानं न लिहिता खुणेनं. अक्कांची खूण कढई, माझी सायकल, एकीची तुळस, तांड्यावरच्या ताईंची आरसा. मुंबईच्या डबेवाल्यांचं काम १८९० पासून चालू आहे. डबा कुठून आला, कुठल्या स्टेशनला उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळं झाकणावरच्या रंगात, आकड्यात आणि दोन-चार अक्षरांत असतं, पूर्ण पत्ता कुठंच नसतो. त्यांना चालतं तर आपल्याला का नाही?

"अडलंय" हा रकाना सगळ्यात कामाचा निघाला. आपल्या बायकांना काम अडलं की सांगायची लाज वाटते. चारजणींसमोर "माझ्याकडून झालं नाही" म्हणणं जड जातं. चिठ्ठी उचलून शेजारच्या रकान्यात ठेवणं सोपं जातं. एकदा आरशाची चिठ्ठी तीन दिवस तिथंच. विचारलं तर कळलं, लेकरू आजारी आहे, ताई दवाखान्यात आहेत. दुसरीनं ते काम घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर असतो तर "अजून झालं नाही का?" असं चारदा विचारून झालं असतं.

अजून एक नियम केला, "चालू" मध्ये एका वेळी तीनच चिठ्ठ्या. आधी आम्ही लेबल, पाऊच, नवी कारळाची चव, प्रदर्शनाचा अर्ज, सगळं एकदम हातात घ्यायचो आणि एकही पुरं व्हायचं नाही. चुलीवर चार भांडी चढवली आणि सरपण एकाचंच, तसं.

आणि लेबलची चिठ्ठी "झालं" मध्ये जायच्या आधी अक्कांना घटक मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्या मान हलवतील तेव्हाच. वाचून दाखवताना बाकीचंही बघून घ्यायचं. वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं, बॅच नंबर, सगळे कर धरून किंमत, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर, आणि तक्रार करायला पत्ता व फोन. चौदा आकडे एकीनं म्हणायचे आणि दुसरीनं बोट ठेवून बघायचे. एक आकडा चुकला तरी हजार पाऊच गेले म्हणून समजा.

आता तुम्ही म्हणाल, भिंत एका गावात, बायका पाच गटांच्या. बरोबर. लोह्याकडच्या तायांना ती भिंत दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी पाचला फळ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यासाठी वेगळा ग्रुप केला आणि त्यात फक्त दोघींनाच टाकता येईल असं ठेवलं. तिथं वाढदिवस नाही, सुविचार नाही. गप्पांचा जुना ग्रुप आहेच, तो बंद करायचं मी कधी म्हणणार नाही, बायकांना तेवढंच सुख आहे.

बॅचची नोंद मात्र आम्ही गूगल शीटवर नेली. जवसात तेल असतं, ते लवकर खवट होतं. एखाद्या गिऱ्हाईकानं फोन करून सांगितलं की वास येतोय, तर ते पाकीट कोणत्या घाण्याचं, जवस कुठलं, कोणी भाजलं, त्याच घाण्याची बाकीची पाकिटं कुठल्या दुकानात गेली, हे पाच मिनिटांत सापडलं पाहिजे. वहीत पानं उलटत बसलो तर सापडेपर्यंत अजून दहा पाकिटं विकली जातात. इथं मोबाइलचा खरा उपयोग झाला. एकजण भरते, दुसरी शनिवारी वहीशी ताडून बघते. वही अजून बंद केलेली नाही.

मी अ‍ॅपच्या विरोधात आहे असं समजू नका. काम वाढलं की भिंत पुरत नाही. तीन-चार प्रकारचा माल, वेगवेगळ्या तारखांच्या ऑर्डरी, फोटोतली चिठ्ठी वाचता येत नाही, असं झालं की अ‍ॅप बघायलाच पाहिजे. उदगीरकडच्या एका ताईंनी मघाशी विचारलं की त्यांच्याकडं तूरडाळ, हळद, मसाला मिळून तीसजणी आहेत. त्यांच्यावर ती वेळ आलेली दिसते. पण घेताना बघायचं काय?

दाखवायला आलेला माणूस स्वतःच्या मोठ्या फोनवर, शहरातल्या रेंजमध्ये दाखवतो. तिथं सगळंच छान चालतं. आपल्या गटातल्या सगळ्यात साध्या फोनवर, सगळ्यात कमी रेंजच्या गावात, सगळ्यात कमी वाचता येणाऱ्या ताईच्या हातात द्या आणि एक खरं काम पंधरा दिवस त्यात करून बघा. फोटो आणि आवाज टाकता येतो का? रेंज नसताना लिहिलेलं रेंज आल्यावर आपोआप जातं का? बटणं मराठीत होतात का? त्या ताईला जमलं तर सगळ्यांना जमेल. नाही जमलं तर ती गटात असून कामात दिसणार नाही. आमच्या अक्कांचं तेच झालं.

पैशाचा हिशेब मांडा. बहुतेक अ‍ॅपांत आधी फुकट असतं, पुढं दर महिन्याला माणशी दर. ट्रेलोच्या फुकट योजनेत २०२४ पासून एका ठिकाणी दहाच माणसं बसतात. आम्ही चौदा, म्हणजे चौघीजणी बाहेर किंवा पैसे भरा. समजा माणशी महिना शंभर रुपये धरले, तर चौदाजणींचे वर्षाला १६,८०० रुपये. एका पाऊचमागं दहा रुपये सुटत असतील तर १,६८० पाऊच फक्त अ‍ॅपसाठी विकायचे. त्यापेक्षा जास्त नुकसान ते अ‍ॅप वाचवत असेल तर जरूर घ्या. आमचं सहा हजारांचं नुकसान फुकटच्या फ्लेक्सनं थांबलं.

मग विचारायचं, उद्या हे बंद पडलं तर? टिकटॉक आठवतंय ना? २९ जून २०२० ला बंदी आली आणि पोरींचे वर्षावर्षाचे व्हिडिओ एका रात्रीत बघता येईनात. कामाच्या यादीचं वंडरलिस्ट नावाचं एक चांगलं अ‍ॅप होतं, ते मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये विकत घेतलं आणि २०२० मध्ये बंद केलं. त्यांनी माहिती हलवायला वेळ तरी दिला होता. आपली सगळी यादी एका फाईलमध्ये बाहेर काढता येते का, हे घ्यायच्या आधीच करून बघायचं, आणि महिन्याला एकदा काढून ठेवायची.

खातं गटाच्या नावाच्या ईमेलवर उघडा. पासवर्ड दोघींकडं, आणि एक बंद पाकिटात कोषाध्यक्षाच्या पेटीत. कोणाकडं आहे याचा ठराव इतिवृत्तात लिहा, बँकेच्या सह्यांचा लिहितो तसा. त्या अ‍ॅपात आधार नंबर, बँकेचे नंबर, ओटीपी असलं काहीही टाकू नका. चटणीच्या कामाला त्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. काही अ‍ॅपं कोणाची किती कामं राहिली याचा आकडा लाल रंगात दाखवतात. कंपनीत पगारी माणसं असतात. आपल्या गटात कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाची सोयाबीनची काढणी चालू आहे, कोणाच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलंय. तो लाल आकडा बैठकीत वाचून दाखवायला लागलात तर गरीब बाईच आधी गट सोडेल. आम्ही एकीला जवळजवळ घालवली होती, म्हणून सांगते. तसली सोय असेल तर बंद करून ठेवा.

लिज्जत पापडाचं सगळ्यांना माहीत आहे. १५ मार्च १९५९ ला मुंबईत गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथं आजही भगिनी सकाळी मळलेलं पीठ घरी नेतात, दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात, वजन होतं, तपासणी होते, लाटायची मजुरी मिळते. रोज नेलं किती, आणलं किती, एवढी एक नोंद पक्की आहे. त्या नोंदीवर हजारो घरं चालतात. ती नोंद आधी कागदावर बसली होती, मोबाइल तेव्हा कुठं होते?

तर तीसजणींच्या ताईंना माझं एवढंच सांगणं आहे की पुढच्या ऑर्डरची सगळी कामं आधी चिठ्ठ्यांवर उतरवून भिंतीवर लावा. दोन महिन्यांत दिसेल की नेमकं कुठं अडतंय. लेबलला अडतंय की कच्च्या मालाला, की पैसे यायला. मग जे अ‍ॅप ते अडलेलं काम दाखवेल ते बघा. आमची लोह्याची ताई आणि मी येऊन एक दिवस बसू, जाण्यायेण्याचं भाडं तेवढं द्या.

आमची जवसाची चटणी नव्या पाऊचमध्ये निघाली. आज पिशवीत वीस पाकिटं आणली आहेत, चहाच्या वेळी भाकरीबरोबर चाखून बघा. मागच्या बाजूला बॅच नंबर आहे, आणि घटकांत शेंगदाणे लिहिलेले आहेत. आणि उरलेल्या त्या जुन्या पाऊचमध्ये आम्ही घरच्या घरी बी-बियाणं ठेवतो. अक्कांच्या घरी भेंडीचं बी त्याच पाऊचमध्ये आहे. कोणी घरी आलं की त्या हसून दाखवतात.